आईजवळ बसलो, तो वेळ वाया गेला का?

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत. गावे वेगळी, वये वेगळी. पण तिघांनाही एकच घोर लागला आहे, की देवाने दिलेले दिवस हातातून निसटत चालले आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण त्यातला पेच आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधल्या कितीतरी घरांत आहे आणि त्याबद्दल उघड कोणी बोलत नाही.

प्रश्न : आदरणीय मावशी, प्रभूमध्ये सलाम. माझे वय ४७. एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि आमच्या मंडळीचा खजिनदारही आहे. गेल्या वर्षी माझ्याच वयाचा सहकारी दुपारी डबा खाऊन उठला आणि जागेवरच कोसळला. त्याच्या मातीहून परत आल्यावर मी पवित्र शास्त्र उघडले. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल वेळेचा सदुपयोग करायला सांगतो, कारण दिवस वाईट आहेत. ते मनात रुतून बसले. एक मिनिट वाया घालवायचे नाही असे तेव्हापासून ठरवले. पहाटे साडेचारला उठून वाचन-प्रार्थना, बसमध्ये कानाला प्रवचन, सोमवारी कमिटी, बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी गायनाची तालीम, शनिवारी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना. अडचण घरात आहे. आई ७९ वर्षांची, तिला विस्मरण झाले आहे. वडील रेल्वेत होते, आमचे बालपण दौंडला गेले. ते जाऊन बरीच वर्षे झाली, पण रोज दिवेलागणीला आई विचारते, “बाबांची गाडी आली का रे?” सांगितले तरी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिच्याजवळ बसलो की पाऊण तास जातो आणि हाती काहीच लागत नाही. पत्नी म्हणते, “तुम्ही घरी असता तेव्हाही घरी नसता.” मावशी, मी देवाचेच काम करतो ना? आईजवळचा वेळ वाया जातो असे वाटणे पाप आहे का? आणि कशाला आधी वेळ द्यायचा हे ठरवायचे तरी कसे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : भाऊ, सलाम. तुमच्या सहकाऱ्याच्या घरच्यांसाठी मी प्रार्थना केली. मरण इतक्या जवळून पाहिल्यावर माणूस हादरतो. त्या हादऱ्यात तुम्ही देवाकडे वळलात, याबद्दल मी प्रभूचे उपकार मानते. पहाटेची प्रार्थना सोडू नका. बाकीच्या वेळापत्रकाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे.

ज्या वचनाने तुम्हाला जागे केले, ते वाचून शास्त्र मिटू नका, पुढे वाचत जा. पौल हे पत्र बंदिवासातून लिहितो. आपल्या बेड्यांचा उल्लेख त्याने त्यात केला आहे. आपल्यापुढे किती दिवस आहेत हे ज्याला माहीत नाही, असा माणूस वेळेबद्दल सांगतो आहे. आणि लगेच पुढे काय सांगतो? प्रभूची इच्छा काय आहे हे समजून घ्या. गीते गा, उपकारस्तुती करा, एकमेकांच्या अधीन असा. तिथून तो सरळ घरात शिरतो: पत्नी, पती, मुले, बाप, चाकर, धनी. ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी पतीने पत्नीवर करावी, हे तिथेच आहे. पान उलटले की आईबापांचा मान राखण्याची आज्ञा. पत्र लिहिले गेले तेव्हा त्यात अध्यायांचे आकडे नव्हते. ऐकणाऱ्यांनी ते सलग ऐकले असणार. तेव्हा वेळेचा सदुपयोग कुठे करायचा, असे पौलाला विचाराल तर तो तुम्हाला आधी तुमच्याच घराच्या दारात नेऊन उभे करतो.

आता जरा कठीण बोलते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना, एक गोष्ट सुनावतो. आईबापांना जी मदत करायची, ती ‘मी देवाला अर्पण केली आहे’ असे म्हणून काही जण मोकळे होत, आणि म्हातारी माणसे रिकाम्या हातांनी बसत. नाव देवाचे, वंचित आईबाप. येशूने त्यांची अजिबात गय केली नाही. तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे तोंडावर सांगितले. तिथे प्रश्न मालमत्तेचा होता, तुमच्याकडे संध्याकाळचा आहे. तुम्ही परूशी आहात असे मी म्हणत नाही. तुमचे मन सरळ आहे, म्हणून तर एवढे मोकळे पत्र लिहिलेत. पण आठवड्यातल्या चार संध्याकाळी देवाच्या नावाने बाजूला निघाल्या आणि आईच्या वाट्याला घड्याळाकडे पाहणारा मुलगा आला. देवाचा वेळ वेगळा आणि आईचा वेळ वेगळा, अशी वाटणी मला शास्त्रात कुठे सापडत नाही. वधस्तंभावर, श्वास घेणेही कठीण झाले असताना, प्रभूने आपल्या आईला आपल्या आवडत्या शिष्याच्या हाती सोपवले. जगाच्या तारणाचे काम चालू होते, आणि त्याच तासात आईची सोयही लावली गेली. योहानाचा एकोणिसावा अध्याय आज रात्री पत्नीबरोबर वाचा.

कशाला आधी वेळ द्यायचा, असे विचारलेत. मार्काचा पाचवा अध्याय पाहा. याईराची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. बाप येशूच्या पाया पडला आहे, येशू निघाला आहे, गर्दी दाटली आहे. एवढ्यात बारा वर्षे रक्तस्राव होत असलेली एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. काम झाले होते, पुढे जाता आले असते. पण येशू थांबतो, कोण शिवले ते विचारतो, आणि ती बाई थरथरत पुढे येऊन सगळी हकिकत सांगते, तोवर ऐकतो. बारा वर्षांचे दुखणे, वैद्यांपायी घालवलेला पैसा. अशी हकिकत दोन वाक्यांत संपत नसते. मी उभी हयात वॉर्डात काढली आहे, तेव्हा याईराचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आयसीयूच्या दाराशी उभा असलेला बाप मला ठाऊक आहे. त्याला एकेक मिनिट जड जाते. येशू बोलतो आहे तोच निरोप येतो की मुलगी गेली. तरी प्रभूने त्या बाईला घाई केली नाही, आणि याईराच्या घरी पोचायला त्याला उशीरही झाला नाही.

तुमच्या आईचा प्रश्न हा असा वाटेत थांबवणारा आहे. ती तुमच्या वेळापत्रकात नाही. पण त्या पाऊण तासात तुम्हाला हाक मारणारे माणूस तीच आहे.

आणि थांबणे म्हणजे प्रत्येक हाकेला धावणे नव्हे. त्याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमात अख्खे गाव दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले: सगळे तुला शोधताहेत. तो म्हणाला, चला, दुसऱ्या गावी जाऊ. शोधणारे खरेच गरजू होते, तरी तो निघाला. कुठे थांबायचे आणि कुठून निघायचे, हे त्याने पित्याजवळ बसून ठरवले. तुमच्या साडेचारच्या प्रार्थनेत हा प्रश्न येतो का? त्या वेळी फक्त वाचनाचा ठरलेला भाग पुरा होत असेल, तर भाग निम्मा करा आणि उरलेल्या वेळात विचारा: प्रभू, आज मी कोणासाठी थांबू आणि कशाला नाही म्हणू?

आता आईजवळ बसायचे कसे ते सांगते, कारण बसणेही शिकावे लागते.

विस्मरण झालेल्या पुष्कळ माणसांचा गोंधळ दिवस कलला की वाढतो. म्हणून अंधार पडायच्या आधीच घरातले दिवे लावा, खोलीत कोपरे काळोखे ठेवू नका. टीव्हीवरच्या बातम्या त्या वेळी बंद. चहा-बिस्किट जे काय असेल ते गाडीची आठवण निघायच्या आधी हातात द्या. भूक आणि तहान त्यांना सांगता येत नाही, ती अशी बेचैनीतून बाहेर पडते. दुपारची झोप फार लांबू देऊ नका. हातांना काम द्या. लसूण सोलायला द्या, धुतलेले रुमाल घडी घालायला द्या. घडी वाकडी आली तर तिच्यासमोर मोडून नीट करू नका. आणि एखाद्या दिवशी गोंधळ एकदम वाढला, तर ‘आईचे वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसांत साध्या लघवीच्या जंतुसंसर्गानेही भ्रम होतो आणि तो औषधाने बरा होतो.

‘बाबांची गाडी आली का’ याचे उत्तर ‘बाबा गेले’ असे रोज देऊ नका. तुमच्यासाठी ती जुनी गोष्ट आहे, तिच्यासाठी दर वेळी नवी बातमी. मग काय, खोटे बोलायचे? असे तुमच्या मनात येईल. खोटे बोलायची गरजच नाही. तिला विचारा, “बाबांना डब्यात काय आवडायचं गं?” “नाइट करून आले की आधी चहा मागायचे की आंघोळीला पाणी?” तिला गाडीच्या वेळेशी फारसे देणेघेणे नसते. तिला तिच्या माणसाबद्दल बोलायचे असते, आणि ते ऐकून घेणारे आता त्या घरात तुम्हीच आहात. तुमच्या वडिलांची अशी माहिती मिळेल, जी तुम्हालाही नसेल. आणि शुक्रवारच्या तालमीचे गीत तिच्या खाटेवर बसून म्हणा. नावे विसरलेली माणसे लहानपणी शिकलेली भजने कडव्यांसकट म्हणताना मी पाहिली आहेत. गाण्याची आठवण बहुधा उशिरापर्यंत टिकते. ती तुमच्याबरोबर गायला लागली, तर त्या पाऊण तासाला उपासना म्हणायला कोणाची हरकत असणार आहे?

वेळ वाया जातो असे वाटणे पाप आहे का? दिवसभर आकडेमोड करून आलेल्या माणसाला तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून कंटाळा येणारच. तो थकवा आहे, प्रभूला सांगावा आणि विसावा घ्यावा. पण त्या थकव्याला ‘देवाचे काम अडते’ असे नाव देऊ नका.

कमिटीबद्दल माझे मत असे. मार्चअखेरचे हिशेब पुरे करा, ऑडिट करून घ्या, आणि खजिनदारकी दुसऱ्याला द्या. आपल्या मंडळ्यांत तीच चार माणसे वर्षानुवर्षे सगळे ओढतात आणि तरुणांना कोणी पावतीपुस्तकही हातात घेऊ देत नाही. सोमवार सुटला की ती संध्याकाळ पत्नीला द्या. एक विचारते, राग मानू नका: तुम्ही कमिटीला जाता तेव्हा आईच्या त्याच प्रश्नाला उत्तर कोण देते? विसाव्याच्या दिवसाची आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात वाचा. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, वेशीच्या आतला उपरा, सगळ्यांना विसावा सांगितला आहे. आपल्याकडे रविवारी उपासनेला उशीर नको म्हणून घरची बाई पहाटे मसाला वाटते, आणि परत आल्यावर पाव्हण्यांना जेवू घालून दुपारी चारला भांड्यांपाशी उभी असते. त्या रविवारी तिने केव्हा विसावा घेतला? या रविवारी भांडी तुम्ही घासा. आईजवळही तुम्हीच बसा, आणि पत्नीला निजू द्या.

प्रश्न : मावशी, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. रात्री प्रार्थना करून झोपायचे ठरवते, पण मोबाइलवर रील्स बघता बघता दोन वाजतात. सकाळी पोस्टिंगला डोळे उघडत नाहीत. प्रभूसमोर कितीदा शपथ घेतली. आता प्रार्थना करायचीच लाज वाटते.
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : पोरी, लाज वाटते म्हणून प्रार्थना थांबवू नकोस, आधी तेवढे कर. आणि शपथा घेणे बंद कर. रात्री अकराला, आठ तास पायांवर उभे राहून आल्यावर, मनाचा निश्चय कोणाचाच टिकत नाही. व्यवस्था बदल. फोन खाटेपासून उठून जावे लागेल इतक्या लांब चार्जिंगला लाव. गजरासाठी फोन लागतो म्हणशील, तर बाजारातून साधे गजराचे घड्याळ आण. खोलीतल्या मैत्रिणींना सामील करून घे. तिघींचे फोन एका टेबलावर गेले की एकटीने उठून आणायला जड जाते.

दुसरे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचे. दुसऱ्या वर्षाला मुली पहिल्यांदा पेशंटचा मृत्यू जवळून पाहतात, पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलणी खातात. मग खोलीवर येऊन डोके बधिर करणारे काहीतरी हवे असते. तुझे तसे आहे का ते बघ. असेल, तर जे झाले ते दोन ओळींत वहीत लिही आणि तीच ओळ प्रभूला वाचून दाखव. तेवढी प्रार्थना पुरे. स्तोत्र १२७ मध्ये पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत कष्ट करणे व्यर्थ म्हटले आहे, आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असेही. झोप ही त्याची देणगी आहे, बाळ. अर्धवट झोपेत मोजलेला औषधाचा डोस पेशंटच्या जिवावर येऊ शकतो, म्हणून तुझी झोप तुझ्या एकटीची नाही. आजची रात्र नुसती झोपण्यासाठी घे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. पत्नी दोन वर्षांपूर्वी प्रभूघरी गेली. आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये जुनी भजने ज्या चालींवर म्हणत, त्या आता थोड्याच वृद्धांना येतात. त्या गोळा करून लिहून काढाव्यात असे फार वर्षांपासून मनात होते. नोकरी, मुलांची शिक्षणे यात राहून गेले. आता सुरू करावे तर वाटते, पुरे होणार नाही. अर्धवट टाकून जाण्यापेक्षा न केलेले बरे नाही का?
– एक वाचक, जालना

उत्तर : गुरुजी, नमस्कार आणि सलाम. नाही, न केलेले बरे नाही. तुम्ही भजनांचा विषय काढलात म्हणून आपल्याच घरातले उदाहरण देते.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला आणि १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. वय ५७. मधली चोवीस वर्षे. त्या वर्षांत त्यांनी आपल्याला मराठी वळणाची भजने, अभंग, कीर्तने दिली. आज रविवारी आपण जे गातो त्यात त्यांचा केवढा वाटा आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण ज्यावर त्यांचा जीव होता ते ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचे महाकाव्य थोडे लिहून झाले आणि राहिले. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला अक्षरओळखही लग्नानंतर झाली, तिने पतीमागे त्याचे महाकाव्य हाती घेतले आणि अध्यायामागून अध्याय रचले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. टिळकांनी ‘पुरे होणार नाही’ म्हणून सुरुवातच केली नसती, तर लक्ष्मीबाईंच्या हाती काय आले असते?

स्तोत्र ९० मध्ये आयुष्याची वर्षे सत्तर, शक्ती असली तर ऐंशी, असे म्हटले आहे. तुम्ही सत्तरी पार केली आहे, म्हणून ते स्तोत्र वाचताना छातीत कळ येत असेल, मलाही येते. पण त्याचा शेवट पाहा. आमच्या हातचे काम सिद्धीस ने, अशी विनवणी दोनदा केली आहे. सिद्धीस नेणे देवाकडे मागितले आहे. आपल्याकडे दिवस गणायला शिकणे आहे.

वॉर्डात ड्यूटी संपते तेव्हा पेशंट बरे होऊन गेलेले नसतात. सलाइन अर्धे असते, कोणाचा ताप उतरायचा असतो. सिस्टर पुढच्या पाळीच्या सिस्टरला खाटेखाटेशी नेऊन सांगते: याला काय दिले, काय राहिले, कशावर लक्ष ठेवायचे. हे हँडओव्हर नीट झाले की ती घरी जाते, आणि कोणी म्हणत नाही की तिचे काम अर्धवट राहिले. तुमच्या कामाचे असेच करा. म्हणजे असे लिहा, की उद्या ती वही उघडणाऱ्याला तुम्हाला विचारावे लागणार नाही.

वहीत चाल लिहिणे कठीण, म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. प्रत्येकाच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात सांगा: गाव कोणते, तारीख कोणती, गाणाऱ्याचे नाव आणि वय काय, चाल कोणाकडून शिकली. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्या. म्हातारी माणसे दम लागून मध्येच थांबतात, तेव्हा थांबा, कडवे पुरे करायची घाई करू नका. त्यांच्याबरोबर टाळ किंवा ढोलकी धरणारे कोणी असेल तर त्यालाही बोलवा. ठेका लागला की विसरलेली ओळ जिभेवर येते. संडे स्कूलमधला एखादा मुलगा किंवा मुलगी बरोबर न्या. फोन त्यांना तुमच्यापेक्षा चांगला चालवता येतो, आणि चाल त्यांच्या कानावरही पडेल. सगळ्याच्या दोन प्रती ठेवा, एक घरी, एक मंडळीच्या कपाटात.

क्रमही सांगते. जवळचे गाव आधी, असे करू नका. ज्यांचे वय सगळ्यांत जास्त, ज्यांची तब्येत सगळ्यांत नाजूक, त्यांच्याकडे आधी जा, मग गाव कितीही आडवाटेला असो. पावसाळा लागायच्या आत निघा. आणि पहिले ध्वनिमुद्रण झाले की मला कळवा. पुढच्या अंकांत त्याबद्दल लिहायला संपादकांकडे मी जागा मागून ठेवते.